मी सहायक प्रशिक्षिका होते

व्हॉलीबॉलच्या नियमांचे पुस्तक मोठे काटेकोर असते. मैदान १८ मीटर लांब नि ९ मीटर रुंद, जाळी पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि स्त्रियांसाठी २.२४ मीटर उंच, चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅम. सारे कसे सोनाराच्या काट्याने तोलून दिलेले. याच पुस्तकात प्रशिक्षकाचे हक्क नि कर्तव्ये सांगून झाली की एक लहानसे कलम येते. त्याचा भावार्थ असा, की सहायक प्रशिक्षकाने संघाच्या बाकावर बसावे. मात्र सामन्यात ढवळाढवळ करण्याचा त्याला कोणताही अधिकार नाही. एखाद्या कामाचे वर्णन इतक्या थोडक्यात नि इतक्या स्वच्छ शब्दांत दुसरीकडे कुठे झाले असेल, असे मला वाटत नाही. फार तर आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेचे!

तर वाचकहो, या कलमाखाली मी पस्तीस वर्षे काढली. १९८३ पासून अकरा वर्षे जळगावला आणि १९९४ पासून २०१८ पर्यंत धुळ्याला. दोन्ही ठिकाणी कॉलेजच्या मुलींच्या संघाबरोबर मी होते आणि दोन्ही ठिकाणी माझी जागा बाकावर दुसरीच होती. मधल्या काळात सर बदलले, विद्यापीठ बदलले, नियम बदलले, चेंडूचा रंग बदलला. माझी जागा तेवढी बदलली नाही. यात तक्रारीचा सूर नाही. ‘प्रशिक्षक’ म्हटला की लोकांना शिट्टी नि टोपी दिसते, पण त्याच्या शेजारी बसणारे माणूस दिवसभर करते तरी काय, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ते सांगावे, इतकाच हेतू.

पहिली गोष्ट ही, की अशी नोकरीच नसते. कॉलेजात खेळाच्या खात्याची मंजूर जागा बहुधा एकच, शारीरिक शिक्षण संचालकाची. त्या एकट्या सरांनी कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सारे पाहायचे. मग ज्याला एखाद्या खेळाची आवड आहे असा कोणी कारकून, ग्रंथालयातला कोणी किंवा मैदान न सुटलेला एखादा माजी खेळाडू हाताशी धरला जातो नि तो ‘सहायक प्रशिक्षक’ होतो. मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. दिवसा लंबक नि भिंगे मांडून ठेवायची, संध्याकाळी जाळी बांधायची. दोन्हीकडे हुद्दा एकच, सहायक! पगार मात्र लंबकाचा मिळे.

‘ताई’ झाले ती अशी

मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर बरोबर एक बाई हवी, असा रिवाज तेव्हाही होता नि आजही आहे. त्या वर्षी आमच्या कॉलेजात प्राध्यापक-बाई मोजून चार. एकीचे मूल लहान, एकीच्या घरी लग्नकार्य, एकीला प्रवास सोसत नसे आणि चौथ्या बाईंनी ‘मला त्या खेळातले ओ की ठो कळत नाही’ असे सांगून टाकले. तेवढ्यात कोणीतरी सरांना सांगितले, की प्रयोगशाळेतली नवी मुलगी शाळेत असताना व्हॉलीबॉल खेळत होती. झाले! दुसऱ्या दिवशी मी सहा वाजता मैदानावर.

हाक मारण्याचाही एक प्रश्नच होता. प्राध्यापक-बाईंना मुली ‘मॅडम’ म्हणत, झाडलोट करणाऱ्या बाईंना ‘मावशी’. मी त्या दोहोंच्या मधली. चार दिवस मुली ‘अहो, अहो’ करीत राहिल्या. मग एकीच्या तोंडून ‘ताई’ निघाले नि तेच कायम झाले. पुढे माझे केस पिकले, माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या मुली खेळायला आल्या, तरी ‘ताई’च. सर मात्र सरच.

खेळाची जन्मकथा थोडक्यात सांगते. १८९५ साली अमेरिकेतल्या हॉलिओक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकाने हा खेळ काढला, तो मध्यमवयीन व्यापारी मंडळींसाठी. बास्केटबॉलची धावपळ त्यांना झेपेना म्हणून! म्हणजे मुळात हा पोट सुटलेल्या शेटजींचा खेळ. आपल्याकडेही तो वाय. एम. सी. ए. च्याच वाटेने रुजला. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० साली काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातून शिकून गेलेले शिक्षक देशभर पांगले. खानदेशात तर दोन बांबू नि एक दोरी मिळाली की खेळ उभा राहतो. आमच्या खेड्यापाड्यांतून ‘शूटिंग’च्या व्हॉलीबॉलचे सामने जोरात रंगतात, त्याला जत्रेइतकी गर्दी होते. पण त्या गर्दीत बाईमाणूस तुम्हाला दिसायचे नाही.

आता कामाविषयी. जळगावची माती काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात नि पावसाळ्यात ती चपलेला धरून घरापर्यंत येते. म्हणून मैदानावर मुरूम टाकायचा, पाणी मारायचे, चोपायचे, मग दोरी धरून फक्की मारायची. फक्की सरळ मारणे ही कला आहे. माझ्या लग्नात रांगोळी काढणाऱ्या मावशींनासुद्धा ती जमली नसती. जाळी मध्यावर मोजायची, कारण ती मध्येच झोळते. चेंडू त्या वेळी कातड्याचे. नवा चेंडू दगडासारखा लागे नि जुना पावसात भिजला की दुधीभोपळ्यासारखा लांबट होई. आमच्याकडे धड चेंडू तीन. तीन चेंडूंत बारा मुलींचा सराव घ्यायचा, म्हणजे एकीने मारायचे नि अकरा जणींनी पाहायचे. तेव्हा मी स्टुलावर उभी राहून एकामागून एक चेंडू मारीत असे, मुली तो उचलीत आणि मावशींचा मुलगा पळत जाऊन चेंडू आणून देई. संध्याकाळी मनगटे अशी सुजत, की घरी कणीक मळायला सासूबाईंना बसावे लागे. त्या मळीत, पण मळताना बोलतही.

माझी एक वही होती. सराव किती, सर्व्हिस किती चुकल्या, कोणाचा हात कुठे कमी पडतो, हे सारे तीत लिही. सरांना ती वही फार आवडे. पण तीत एक खूण अशी होती, की तिचा अर्थ सरांना कधी मी सांगितला नाही नि त्यांनीही विचारला नाही. हजेरीच्या रकान्यात काही नावांपुढे महिन्यातून चार-पाच दिवस मी एक बारीक टिंब देत असे. त्या दिवशी त्या मुलीला उड्यांचा सराव कमी. ‘हिला आज पाय दुखतो’ एवढे सरांना सांगितले की पुरे. आजच्या मुली हे सरळ सांगतात, सांगावेच. तेव्हाच्या मुली मेल्या असत्या, पण सरांपाशी बोलल्या नसत्या. दोन जणी भोवळ येऊन पडल्या, तेव्हा मी ही टिंबे सुरू केली.

दारोदार

पण सगळ्यांत मोठे काम मैदानावरचे नव्हतेच. ते होते मुलींच्या घरी जाण्याचे. परगावी सामने निघाले, की आठ दिवस आधीपासून मी संध्याकाळी एकेका घरची पायरी चढे. बापाची पहिली शंका, रात्री मुक्काम कुठे? आईची दुसरी, कपडे कोणते? आणि आजीची तिसरी, ‘उन्हात काळी पडली तर हिला करून कोण घेईल?’ मुक्कामाचे उत्तर सोपे होते. यजमान कॉलेजच्या एखाद्या वर्गात बाके भिंतीला लावून सतरंज्या टाकतात. मी माझे अंथरूण दाराला आडवे टाकी, म्हणजे बाहेरून कोणी आत येताना किंवा आतून कोणी बाहेर जाताना माझ्यावरूनच जाणार. हे ऐकले की बाप निम्मे पटत. कपड्यांचे कठीण होते. सरावाला लांब विजार चाले, पण सामन्याला गणवेश हाफ पँटचा. एका घरी मी तासभर बोलले, चहा दोनदा झाला, शेवटी त्या मुलीचे काका म्हणाले, “ताई, तुमचं सगळं खरं, पण आमच्या गल्लीतलं कोणी तिथं बघायला आलं म्हणजे?” मी म्हटले, “तुमच्या गल्लीतलं कोणी मुलींचे सामने बघायला एवढ्या लांब आलं, तर मीच त्याचा सत्कार करीन.” काका हसले नि सही झाली. अशा सह्या मी पस्तीस वर्षे जमवल्या. बँकेत ठेव जमवणाऱ्या एजंटालाही एवढे उंबरे झिजवावे लागत नसतील.

डबे मात्र प्रत्येक घरून येत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे. दशमी दुधात भिजवलेली, दोन-तीन दिवस टिकते. प्रवासाला तिच्यासारखी सोबत नाही. बाहेरच्या खानावळीत पातळ आमटी पुढे आली, की आमच्या मुली डबा उघडीत नि शेजारच्या कॉलेजच्या मुली हळूच आमच्याकडे सरकत. एकदा तर आम्हाला हरवून गेलेल्या संघाच्या कप्तानीने जाताना चटणीची कृती विचारून घेतली.

त्या वेळी आमची कॉलेजे पुणे विद्यापीठाची. जळगावच्या मू. जे. महाविद्यालयाचा नि अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाचा जन्म १९४५ चा, म्हणजे पुणे विद्यापीठाच्याही आधीचा. १९४९ साली ते विद्यापीठ निघाले तेव्हा खानदेश त्याच्या पंखाखाली गेला. विद्यापीठाच्या संघाची निवड म्हणजे पुणे, नाशिक, नगर, धुळे, जळगाव अशा पाच जिल्ह्यांच्या मुलींतून बारा जणी. महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रभर अंग आखडून बसायचे, सकाळी पुण्याला उतरून तोंड धुवायचे नि लगेच मैदानावर जायचे. तिथल्या मुली लाकडी तक्तपोशीवर सराव केलेल्या, पायांत बूट चांगले, बोलणे फाडफाड. आमच्या मुली चेंडूला भीत नसत, पण त्या मुलींच्या बोलण्याला भीत. निवड होई ती एखादीची, तीही राखीव. माझ्या जळगावच्या पहिल्या सात वर्षांत अशा दोनच मुली पुणे विद्यापीठाचा सदरा घालून आल्या.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. (२०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे.) वर्तमानपत्रांनी त्यावर पुष्कळ लिहिले, परीक्षा वेळेवर होतील, पुण्याच्या खेपा वाचतील, वगैरे. खेळाडू मुलींच्या आयुष्यात त्याने काय केले, ते कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. एका रात्रीत विद्यापीठाच्या संघातल्या बाराच्या बारा जागा खानदेशच्या झाल्या! जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार असे विभाग पडले. विभागांचे सामने व्हायचे नि त्यांतून विद्यापीठाचा संघ. तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, कुठे कुठे जायचा. आमच्या मुली तिथे पहिल्या फेरीत हरूनही आल्या, पण गेल्या! ज्या मुलीने भुसावळपलीकडचे स्टेशन पाहिले नव्हते, ती परत येऊन वर्गातल्या मुलींना उदेपूरचे तलाव सांगू लागली.

पतियाळा

मधल्या काळात, १९८८ च्या उन्हाळ्यात, मी पतियाळ्याला सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला गेले. पतियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ सालची, मोतीबाग राजवाड्यातली. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. ‘मूल टाकून चेंडू खेळायला निघाली’ असे आळीत झाले. सासूबाईंनी मात्र मूल ठेवून घेतले. का ठेवून घेतले ते त्यांनी सांगितले नाही, मीही खोदून विचारले नाही. निघताना हातात दशम्यांचा डबा दिला तो त्यांनीच.

तिथे जपानी मुलींची गोष्ट ऐकली. १९६४ साली टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला नि स्त्रियांचे सुवर्णपदक जपानने जिंकले. त्या संघातल्या बहुतेक मुली कायझुका गावच्या एका कापडगिरणीतल्या. दिवसा काम करायचे नि दुपारनंतर सुरू झालेला सराव मध्यरात्रीपर्यंत चालायचा. त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु हेही त्याच गिरणीचे नोकर. जमिनीवर कोलांटी घेऊन चेंडू उचलण्याची युक्ती त्यांनी मुलींना शिकवली, ती पुढे जगाने उचलली. हे ऐकताना मला आमच्या जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा आठवला. कापडगिरण्या आमच्याकडेही होत्या हो! पण त्या गिरण्यांतून सहा मुली जाळीपाशी उभ्या करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. दाइमात्सुंची पद्धत मात्र मला कधी पटली नाही. मुलींना मध्यरात्रीपर्यंत लोळवून पदक मिळते, हे खरे. पण ज्यांना पदक मिळाले नाही अशा लोळवलेल्या मुलींचा हिशेब कोणी ठेवत नाही. आमच्या पुरुषांच्या संघाने दोनच वर्षांपूर्वी, १९८६ साली, सोलच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक मिळवले होते, जिमी जॉर्ज त्या संघात होता. आणि आम्ही शिकायला गेलो त्याच्या आदल्याच नोव्हेंबरात तो इटलीत मोटार अपघातात गेला होता. पतियाळ्याला त्याचे नाव निघाले की माणसे बोलता बोलता थांबत.

धुळे

१९९४ साली यजमानांची बदली झाली नि आम्ही धुळ्याला आलो. जळगावहून एरंडोल, पारोळा करीत एस.टी. तीन तासांत धुळ्याला पोचते. अंतर शंभर किलोमीटरही नाही. पण भाषा वाटेतच बदलते. जळगाव-भुसावळकडे लेवा बोली, तावडी. पारोळ्याकडून पुढे अहिराणी. धुळ्याच्या पहिल्या आठवड्यात एक शेतकरी आपल्या मुलीला वसतिगृहात सोडायला आला नि हात जोडून म्हणाला, “ताई, मनी आंडेर तुमना हवाली शे.” आंडेर म्हणजे मुलगी, एवढे मला ठाऊक होते. ‘हवाली’चा अर्थ कळायला मला पुढची काही वर्षे लागली.

इथल्या मुली वेगळ्या. शिरपूर, साक्री, शहादा, तळोदा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेल्या. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा धुळे जिल्हाच. पाण्याच्या घागरी वाहून खांदे घट्ट झालेले, पाय हरणाचे. उडी शिकवावी लागत नसे. खाली कसे यायचे, तेवढे शिकवावे लागे. पुढच्याच काळात खेळही बदलला. आधी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण, पंधरा गुणांचा डाव. एकेक सामना दिवेलागणीपर्यंत लांबे. १९९८ नंतर प्रत्येक चेंडूला गुण नि पंचविसांचा डाव आला. सामने आटोपशीर झाले, पण चूक झाकायला जागा राहिली नाही. सर म्हणत, “आता हा खेळ टी.व्ही.साठी आहे.” आमच्याकडे टी.व्ही. फिरकला नाही, नियम तेवढे पोचले.

आता त्या कलमाकडे वळते. सहायकाने ढवळाढवळ करू नये, असे म्हणून झाल्यावर पुस्तक पुढे म्हणते, की प्रशिक्षकाला काही कारणाने संघ सोडून जावे लागले, तर कप्तानाने पंचांना तसे सांगावे नि सहायकाने त्याचे काम पाहावे. माझ्या पस्तीस वर्षांत हे एकदाच घडले. २००३ साली आंतरविभागीय सामन्यांत आमचा धुळे विभागाचा संघ खेळत होता. दोन्ही संघांचा एकेक डाव झालेला. तिसऱ्या डावाच्या आधी यजमान कॉलेजच्या कचेरीतून शिपाई धावत आला. सरांच्या वडिलांना दवाखान्यात नेले होते. सर तसेच एस.टी. स्टँडकडे निघाले. जाताना त्यांनी माझ्या हातात शिट्टी दिली, जिचा सामन्यात काहीच उपयोग नसतो.

आमची सर्वांत चांगली मारणारी मुलगी शहाद्याकडची, दुसऱ्या वर्षाची. तिच्या घरची सही मी स्वतः आणली होती. बाप म्हणाला होता, यंदा विद्यापीठाच्या संघात घेतली तर तिसरे वर्ष करू देतो. नाहीतर वैशाखात लग्न उरकून टाकतो, स्थळ बघून ठेवले आहे. निवड समिती समोरच खुर्च्यांवर बसलेली, कागद मांडीवर घेऊन. १९-१७ असा डाव आमच्या बाजूने. तिने जाळीपाशी उंच उडी घेतली, चेंडू खणखणीत खाली मारला आणि उतरताना तिचा डावा पाय पलीकडच्या मुलीच्या पायावर पडला. ती उठली, हसली, हात वर केला. पंचांना काही दिसले नाही, समितीला दिसले नाही. पण तिला रोज स्टुलावरून चेंडू मी मारीत होते. पुढच्या चेंडूला ती उजव्या पायावर उडाली. ही मुलगी जन्मात उजव्या पायावर उडाली नव्हती.

मी बदली खेळाडू मागितली. ती मैदानातूनच मान हलवू लागली, “ताई, नको. ताई, मला काही झालं नाही.” आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. मी पुन्हा खूण केली. ती बाहेर आली, बाकाच्या टोकाला बसली नि टॉवेल डोक्यावर घेतला. तो डाव आम्ही घालवला आणि पाचव्या डावात सामना घालवला. रात्री दवाखान्यात क्ष-किरणाच्या फोटोत घोट्याच्या हाडाला चीर दिसली. सहा आठवडे प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, याच पायावर आणखी दोन-चार उड्या झाल्या असत्या तर शस्त्रक्रियेचे काम होते. मी तिला बाहेर घेतले ते योग्यच होते, असे मला त्या क्षणी वाटले नि आजही वाटते.

विद्यापीठाच्या यादीत तिचे नाव आले नाही. सर नि मी शहाद्याला तिच्या घरी गेलो. बाप भला माणूस; त्याने जेवू घातले, कळण्याची भाकरी नि वांग्याचे भरीत. पण बोलला तेवढेच, “सर, मी शब्द दिलता, तो तसाच शे.” ती आतून बाहेर आली नाही. वैशाखात लग्न झाले. बऱ्याच वर्षांनी शिरपूरच्या स्टँडवर भेटली, कडेवर मुलगा. पाया पडली, सगळ्या मुलींची नावे घेऊन चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. त्या सामन्याविषयी तीही बोलली नाही, मीही नाही. गाडी लागली तेव्हा ती चढताना मी पाहिले. डावा पाय आधी टाकला, ठणठणीत.

तुमच्यापैकी कोणाच्या मुलीला वा मुलाला या वाटेने जायचे असेल, तर दोन शब्द व्यवहाराचेही सांगायला हवेत. नुसते सहायक प्रशिक्षकपण पोट भरीत नाही. मला जळगावला सहा वर्षे काहीच मिळाले नाही. मग हंगामाला तीनशे रुपये, शेवटी शेवटी चार महिन्यांचे आठ हजार. एका वर्षीचे मानधन एका कचेरीतून चौदा महिन्यांनी निघाले, त्यावरही महसुली तिकीट मी माझे लावले. अमेरिकेत विद्यापीठांचे सहायक प्रशिक्षक पगारी असतात, तरी तिथेही २०२३ पर्यंत ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ म्हणून एक बिनपगारी जागा असे, हे ऐकून मला जरा बरे वाटले! आपल्याकडे शाळेत शिकवायचे तर बी. पी. एड. हवे, कॉलेजात संचालक व्हायचे तर एम. पी. एड. आणि वर नेट किंवा सेट. निव्वळ प्रशिक्षक व्हायचे तर पतियाळ्याची पदविका सर्वांत चोख. ती असली की शासनाच्या नि क्रीडा प्राधिकरणाच्या जागांचे दार निदान ठोठावता येते. २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग निघाली आहे, तिथे संघांना सहायकही लागतात. पण ती पुरुषांची लीग.

खेळाडूला मात्र एक आधार आहे. २००५ पासून महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे प्रमाणपत्राला सोन्याचे मोल आले नि सोन्याबरोबर जे येते तेही आले. न खेळलेल्या खेळाडूंची बोगस प्रमाणपत्रे पकडली गेली. म्हणून शेवटची दहा वर्षे मी गुणपत्रके नि संघाच्या याद्या एखाद्या सराफासारख्या जपून ठेवल्या. पोलीसभरतीच्या पडताळणीत एका मुलीच्या नावात एक अक्षर चुकले होते, तेव्हा माझी आठ वर्षांपूर्वीची वही कामी आली. ती मुलगी आज खाकीत आहे. तिच्या हातचा चहा मी चौकीत बसून प्याले. शेजाऱ्यांनी लांबून पाहिले नि घरी येऊन विचारले, ‘काय भानगड झाली?’

व्हॉलीबॉलचा हंगाम ऐन दिवाळीतला. विद्यापीठाच्या संघाचे शिबिर बहुधा सुटीतच लागे. त्यामुळे पस्तीस वर्षांत किती पाडवे मी मैदानावर काढले ते मोजलेले नाही. घरच्या चकल्या डब्यातून मैदानावर जात नि सराव संपल्यावर सगळ्या मुली मुरुमावर बसून त्या फस्त करीत. कोणाच्या आईची चकली किती कडक, यावर सामन्यापेक्षा मोठे वाद होत.

२०१८ साली मी निवृत्त झाले. माझ्या जागी एक तरुण आला आहे. पतियाळ्याची पदविका घेतलेला, नम्र, हुशार, सामन्याचे चित्रण मोबाइलवर करून मुलींना दाखवणारा. मुलींच्या सोबतीला वेगळ्या मॅडम जातात. मी पस्तीस वर्षांच्या वह्या त्याला नेऊन दिल्या. त्याने सर्व्हिसचे आकडे पाहिले, खुष झाला. मग पाने उलटता उलटता थांबला नि म्हणाला, “ताई, हजेरीत हे टिंब कशाचं?”

मी सांगितले. तो क्षणभर गोरामोरा झाला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला नि लिहून घेतले.